मोटारीतली ओल : एक सादळलेला इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनी एका गोष्टीवर फार अन्याय केला आहे. इंजिनावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, चाकांवर लिहिले, ब्रेकवर लिहिले, शर्यतींवर तर विचारूच नका. पण भर पावसात चार माणसं मोटारीत बसली, काचा वर झाल्या आणि पाच मिनिटांत समोरची काच पातळ ताक फासल्यासारखी पांढरी झाली, म्हणजे माणसाची जी अवस्था होते, तिला या ग्रंथांतून तळटीपेइतकीच जागा. वास्तविक मोटार पळते की नाही यापेक्षा समोरचं दिसतं की नाही हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. न पळणाऱ्या मोटारीने आजवर कुणाला चिरडलेलं नाही.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. तेव्हा हा इतिहास लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारील. माझं म्हणणं असं, की मोटारीतली ओल हा यंत्रशास्त्राचा विषयच नव्हे. तो शुद्ध जमाखर्चाचा विषय आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

सुरुवात सुरुवातीपासून करू. २९ जानेवारी १८८६ रोजी जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाकं, एक बाक आणि मागे इंजिन. छप्पर नाही, दार नाही, काच नाही. साहजिकच ओलीचा प्रश्नही नाही. पाऊस आला तर माणूस भिजायचा. पण भिजणं वेगळं आणि ओल वेगळी. भिजणं हे पाहुण्यासारखं असतं, येतं आणि जातं. ओल ही भाडेकरूसारखी असते.

याच गाडीची सुधारलेली आवृत्ती घेऊन ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझसाहेबांच्या पत्नी बर्था या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला आधी न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा माहेरी जाण्यासाठी झाला, हे आमच्या घरात मी फारसं बोलत नाही. मुद्दा इतकाच, की त्या अख्ख्या प्रवासात बर्थाबाईंना काच पुसावी लागली नाही.

मग मोटारी वेगाने धावू लागल्या. तोंडावर धूळ, डोळ्यांत किडे. गॉगल आले, लांब कोट आले, बायकांच्या टोप्यांवर जाळीच्या ओढण्या आल्या. आणि शेवटी कुणीतरी समोर काच उभी केली. माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये काच आली तो दिवस मी आपल्या विषयाचा जन्मदिवस मानतो. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत ही काच आडवी दुभागलेली असे. पाऊस आला की वरचं अर्ध उघडायचं आणि फटीतून बघायचं. म्हणजे पाऊस लागू नये म्हणून काच, आणि पाऊस आला की काच उघडायची. आमच्या बँकेत पावसाळ्यासाठी ठेवलेली छत्री भिजेल म्हणून न वापरणारे एक गृहस्थ आहेत, त्यांची आठवण येते.

काचेवरचं पाणी पुसण्याची सोय एका बाईंनी शोधली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी पाहिलं, की हिमवर्षावात ट्रामचा चालक काच उघडून, स्वतः गारठत गाडी हाकतो आहे. त्यांनी आतून दांडा फिरवला की बाहेरून काच पुसणारी रबराची पट्टी तयार केली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचं पेटंट मिळवलं. ते विकायला एका कॅनेडियन कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं, तेव्हा १९०५ साली उत्तर आलं, की या वस्तूला व्यापारी मूल्य फारसं आहे असं आम्हांस वाटत नाही. कर्ज नाकारण्याचं पत्र लिहिणारा माणूस जगात सगळीकडे सारखाच, एवढंच यावरून मी शिकलो. पेटंटची मुदत संपली, त्यानंतर वायपर घराघरांत, म्हणजे गाडीगाडीत, पोचला. बाईंना दमडी मिळाली नाही.

पण वायपर पुसतो बाहेरचं. आतल्याचं काय?

आतलं सुरू झालं ते गाडी बंद झाल्यावर. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बंदिस्त गाड्या शेकडा दहाच्या आसपास होत्या. १९२७ पर्यंत त्या शेकडा पंच्याऐंशी झाल्या. याचं मोठं कारण म्हणजे हडसन कंपनीची एसेक्स गाडी. १९२२ मध्ये तिची बंदिस्त आवृत्ती उघड्या गाडीपेक्षा थोड्याच जास्त किमतीला निघाली आणि १९२५ पर्यंत तर ती उघडीपेक्षा स्वस्त झाली. स्वस्तात चार भिंती मिळाल्या तर कोण सोडतो? आठ वर्षांत माणूस वारा, ऊन, पाऊस, धूळ या सगळ्यांना बाहेर ठेवून आत जाऊन बसला. फक्त एक गोष्ट बाहेर ठेवायची राहिली. स्वतःचा श्वास.

इथे माझा जमाखर्च सुरू होतो.

हवा ही खातेदार आहे असं समजा. तिला बाष्प ठेवण्याची एक पतमर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. तीस अंशांच्या एका घनमीटर हवेला सुमारे तीस ग्रॅम बाष्प झेपतं. वीस अंशांना सतरा ग्रॅम. दहा अंशांना नऊ-साडेनऊच. म्हणजे गरम हवेची पत मोठी, थंड हवेची लहान. मर्यादेपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं, डोळ्याला काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की वरचं बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. ज्या तापमानाला हे घडतं त्याला शास्त्रज्ञ दवबिंदू म्हणतात. आम्ही त्याला खातं थकणं म्हणतो. गार काच ही वसुली अधिकाऱ्यासारखी: हवा तिला टेकली की तिची पत तिथल्या तिथे उतरते आणि हप्ता पाण्याच्या रूपात भरावा लागतो.

आता लहान मोटारीचं पुस्तक उघडू. आत हवा साधारण तीन घनमीटर. पंचवीस अंशांना तिची एकूण पत एकोणसत्तर ग्रॅमच्या आसपास. पावसाळी दिवस, म्हणून त्यातले चौपन्न ग्रॅम आधीच वापरलेले. शिल्लक पंधरा. एक माणूस नुसता बसून श्वास आणि घाम मिळून तासाला चाळीसेक ग्रॅम बाष्प सोडतो. चार माणसं एकशेसाठ. गाडी पूर्ण बंद असेल तर पंधरा ग्रॅमची शिल्लक पाच-सहा मिनिटांत साफ! ओल्या छत्र्या, ओल्या चपला, मांडीवरचा गरम वडापाव हे सगळं यात धरलेलंच नाही. बोलणारा माणूस गप्प माणसापेक्षा जास्त बाष्प सोडतो. पण ही नोंद मी घरी दाखवलेली नाही.

हे दव-प्रकरण उलगडलं ते लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी. तोवर दव आकाशातून पडतं की जमिनीतून वर येतं यावर विद्वानांचे वाद चालत. वेल्स रात्री-अपरात्री बागेत जाऊन दहा-दहा ग्रेन वजनाचे लोकरीचे पुंजके ठेवत आणि सकाळी त्यांचं वजन करत. १८१४ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला: रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होतात आणि आसपासच्या हवेतलं बाष्प त्यांच्यावर साठतं. दव कुठून पडत नाही, जागच्या जागी होतं. आपली मराठी मात्र अजून ‘दव पडलं’ असंच म्हणते. दोनशे वर्षांत तिला कुणी कळवलेलं दिसत नाही. पण या बाबतीत मराठीला नावं ठेवू नयेत. ओल, दमट, कोंदट, कुबट, सर्द असे शब्द असलेल्या भाषेला ओलीचं कोण काय शिकवणार? आणि ‘सादळणं’ या शब्दाला तर जगात तोड नसेल. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, कुरमुरे सादळतात आणि जुलै महिन्यात ट्रेझरीतल्या नोटासुद्धा सादळतात. त्या मोजताना एकमेकींना अशा चिकटतात, की आमचे कॅशियर त्यांना ‘नवविवाहित’ म्हणतात.

थंड देशांनी या ओलीवर पहिला उपाय केला तो ऊब देण्याचा. इंजिनाच्या गरम पाण्यावरून हवा फिरवायची आणि काचेवर सोडायची. काच गरम झाली की वसुली बंद. १९३८ साली अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत घेऊन, गाळून, गरम करून खेळवण्याची व्यवस्था आणली. जर्मनांच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन हवेनेच गार होणारं, त्यामुळे गरम पाणीच नाही. तिच्या मालकांनी हिवाळ्यातून एका हातात चक्र आणि दुसऱ्या हातात फडकं धरून प्रवास केले.

पण हवा आत घेणं निम्मंच काम. जमा सगळे करतात, खर्च कोण करणार? भरलेल्या एस.टी.त आणखी माणसं घ्यायची तर आधी कुणी उतरायला हवं, तसं आतली ओली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी येणार कुठून? ही गोष्ट फोर्डच्या इंग्लंडमधल्या लोकांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये मनावर घेतली. कॉर्टिना गाडीत समोरून हवा आत आणि मागच्या खांबावरच्या झरोक्यांतून बाहेर, अशी सोय झाली. काचा बंद ठेवून हवा खेळती. हिला त्यांनी एअरोफ्लो असं भारदस्त नाव दिलं. आमच्या आजीच्या माजघरात समोरासमोर दोन झरोके होते, त्यांना नाव नव्हतं.

काचेवरच्या या धुक्याने पृथ्वीवरच्यांनाच छळलं असंही नाही. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ मधून बाहेर पडून अंतराळवीर यूजीन सर्नन अवकाशात तरंगत काम करत होते. श्रमाने इतका घाम आणि इतकं बाष्प झालं, की शिरस्त्राणाची काच आतून धुकटली. फडकं नाही, हात आत जात नाही. शेवटी त्यांनी नाकाच्या शेंड्याने काच घासून बघण्यापुरतं भोक केलं. काम अर्धवट सोडून ते चाचपडत यानात परतले आणि वाचले. पुढच्या उड्डाणांत काचेला आतून धुकं न धरणारा लेप लावू लागले. त्या लेपाचं तत्त्व साबणाचंच: पाण्याचे बारीक थेंब होऊ द्यायचे नाहीत, त्यांचा पातळ पापुद्रा पसरवायचा. थेंब प्रकाश विखुरतात, पापुद्रा जाऊ देतो.

हे तत्त्व आमच्या काकांना अमेरिकेच्या मदतीशिवाय ठाऊक होतं. काकांची प्रीमियर पद्मिनी होती. फियाटची ही भारतीय लेक कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. १९४४ साली ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्या गाडीत हवेसाठी यंत्रणा म्हणजे पुढच्या दाराची त्रिकोणी काच. ती फिरवली की वारा नेमका कानात जायचा. १९८८-८९ च्या सुमारास आम्ही पावसाळ्यात बोरघाट चढायचो तेव्हा गाडीत मोठी-लहान मिळून आठ माणसं असत. वरच्या हिशेबात आठ घालून पाहा. खोपोली सुटेपर्यंत काच पांढरी.

निघण्यापूर्वी काका दोन गोष्टी करत. बाहेरच्या काचेवर पाण्याचे थेंब धरू नयेत म्हणून तंबाखूची पूड चोळत. मुंबईचे टॅक्सीवालेही हेच करायचे. जन्मभर सुपारीचं खांडही न खाल्लेल्या काकांनी तंबाखूला हात लावला तो फक्त काचेसाठी. आणि आतून ते अंगाचा साबण फिरवून कोरड्या फडक्याने पुसत. तरी घाटात व्हायचं ते व्हायचंच.

“अहो, मला काही दिसत नाही समोरचं,” काकू म्हणायच्या.

“तुला कशाला दिसायला हवं? चालवतोय मी.”

“तुम्हाला दिसतंय?”

यावर काका उत्तर देत नसत. ‘पूस रे’ एवढं म्हणत. ते मला उद्देशून असे. दोन पुढच्या सीटांच्या मधून वाकून, पिवळ्या फडक्याने, काकांच्या नजरेसमोर पोळीएवढा गोल राखणं ही माझी नेमणूक होती. बाहेर ट्रकचे दिवे, डाव्या हाताला दरी, आणि आमच्या आठ जणांचा भरवसा त्या पोळीएवढ्या गोलावर. माझ्या वडिलांनी एकदा हळूच त्रिकोणी काच उघडली, शिवाय मागची काच दोन बोटं खाली केली. पाऊस आत आला, सगळे ओरडले, पण मिनिटभरात समोरचं लख्ख दिसायला लागलं. ओरडणारे एकेक करून गप्प झाले. त्या जातीच्या गाड्यांनी पुढे टॅक्सी होऊन मुंबईची इतकी वर्षं सेवा केली, की ३० ऑक्टोबर २०२३ ला त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या तेव्हा लोक हळहळले.

पुढे वातानुकूलन आलं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली ते मोटारीत बसवून दाखवलं. आपल्या मध्यमवर्गाच्या गाडीत रुळायला मात्र नव्वदचं दशक उलटावं लागलं. लोक त्याला गारव्याचं यंत्र समजतात. त्याची जन्मकथा वेगळी आहे. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. त्यावर तोडगा म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने ही यंत्रणा आखली. म्हणजे मूळ हेतू हवा कोरडी करण्याचा, गारवा वरकमाई. गाडीतही तेच घडतं: आतल्या गार जाळीवर बाष्पाचं पाणी होतं आणि नळीवाटे रस्त्यावर ठिबकतं. उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की शेजारी काळजीने ‘गाडी गळतेय’ म्हणून सांगायला येतात. ती गळत नसते, हप्ते फेडत असते. आतली काच धुकटली तर एसी चालू करावा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद ठेवावं. काच आतून स्वच्छ असावी, हेही महत्त्वाचं. मळक्या काचेवर धुकं लवकर धरतं.

पण मुंबईची हवा इतक्यात हार मानणारी नव्हे. जुलैत तिचा दवबिंदूच पंचवीस अंशांच्या आसपास. एसीने काच बावीस अंशांवर आणली, की आता धुकं धरतं ते बाहेरून! आतला माणूस फडक्याने घासघास घासतो आणि काच ढिम्म. इथे वायपर फिरवावा आणि गारव्याचा झोत काचेवरून काढावा. आतलं धुकं गारवा मागतं, बाहेरचं धुकं त्यालाच घाबरतं. ऑडिटरनंतर इतका उलटसुलट स्वभाव मी इथेच पाहिला.

मात्र गाडी जसजशी घट्ट बंद झाली, काचा बटणावर आणि कुलपं विजेवर गेली, तसा एक धोकाही आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये काही माणसं गुदमरून गेली. दारं उघडली नाहीत, काचा उतरल्या नाहीत. त्यानंतर पुष्कळांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. आमच्याही गाडीत आहे. ती पाहिली की या विषयावरचे विनोद थोडा वेळ सुचत नाहीत.

राहिली ती मुरलेली ओल. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीत कुबट वास यायला लागला. आईला दम्याचा त्रास. ती बसली की खोकायची आणि दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, “मी आपली रिक्षाने येते रे.” दमट आणि दमा हे शब्द नुसते कोशातच शेजारी नाहीत. पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओलाचिंब होता. भाच्याच्या पाण्याच्या बाटलीवर संशय घेऊन झाला. एका गॅरेजने दारांची रबरं बदलून बिल दिलं; ओल तशीच. मग मेहुणे आले. ते म्हणाले, “भावोजी, एसीची नळी बघितली का?” आपल्याकडच्या गाड्यांत ती गार जाळी बहुधा डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या मागे असते. नळी तुंबली की पाणी रस्त्यावर न जाता पायाशी येतं. गाडीखाली जाऊन त्यांनी नळीत फुंकर मारली. भांडंभर पाणी आणि पिंपळाच्या पानाचा तुकडा बाहेर आला. बर्थाबाईंची टोपीची पीन आठवली.

मग गालिचा काढून दोन दिवस उन्हात टाकला, खालचा स्पंज वेगळा वाळवला, कारण वरून कोरडा वाटला तरी खरी ओल त्याच्या पोटात असते. समोरच्या काचेखालच्या खाचेतली कुजलेली पानं काढली, दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी केली. बायकोने सीटखाली लोणारी कोळशाची पुरचुंडी ठेवली. तिच्या डब्यातले पापड तिने असेच टिकवले आहेत.

आई आता पुन्हा गाडीत बसते. एसी कितीही चालू असो, बसल्याबरोबर ती आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली करते. पेट्रोल वाया जातं, असं तिला सांगून झालं. तिचं उत्तर ठरलेलं आहे, “जाऊ दे. श्वास मोकळा राहतो.”

एकशेचाळीस वर्षांचा हा इतिहास, दोन-तीन खंडांतली संशोधनं, पेटंटं, अवकाशयानं आणि माझा सगळा जमाखर्च मांडून झाल्यावर ताळेबंदात शिल्लक राहतात ती हीच दोन बोटं. बेंझसाहेबांनी ती पहिल्या गाडीला चारी बाजूंनी फुकट दिली होती.